ऑफिसच्या लॅपटॉपची सेटिंग न बदलता ते घरच्या नेटवर्कला कसे जोडावेत?

शिरोलीकर

नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका लहान फौंड्रीच्या डिझाइन विभागात मी काम करतो. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की कोल्हापूर शहरात राहणाऱ्या आम्हा लोकांना शिरोलीच्या रस्त्याचा घोर लागतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी महामार्गावर पाणी आल्यामुळे कारखान्याकडे जाणेच बंद झाले होते. या वेळी व्यवस्थापनाने आधीच ठरवले आहे की पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीच्या जवळ आले की डिझाइनचे चारही लॅपटॉप शहरात आणायचे. राजारामपुरीत माझ्या घराची वरची खोली रिकामी असल्याने सर्वांची बसण्याची सोय माझ्याकडे होणार आहे.

अडचण अशी आहे की या चारही लॅपटॉपना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) हाताने टाकून दिलेले आहेत. पत्ते १९२.१६८.१०.२१ ते २४, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेर जाण्याचे दार असलेला राउटर) १९२.१६८.१०.१ आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा) १९२.१६८.१०.५. यातील ५ क्रमांकाचे यंत्र म्हणजे आमचा सर्व्हर असून ड्रॉइंगच्या फायली आणि कॅड सॉफ्टवेअरचे लायसन्स त्याच्यावरच आहे. माझ्या घरी फायबरचा राउटर असून त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. मागच्या आठवड्यात एक लॅपटॉप घरी आणून केबल लावली, तर पोर्टवरचा दिवा लागला, पण इंटरनेट मात्र सुरू झाले नाही.

अॅडमिन पासवर्ड बाहेरच्या कंत्राटदाराकडे आहे आणि तो आपल्या सवडीने येतो. पासवर्ड मिळाला तरी आमच्या साहेबांचे स्पष्ट म्हणणे आहे की लॅपटॉपच्या सेटिंगला हात लावायचा नाही, कारण पूर ओसरल्यावर एखादे यंत्र हमखास घरच्याच सेटिंगवर राहते आणि मग लायसन्स सर्व्हर त्याला ओळखत नाही. तेव्हा जे काही करायचे ते माझ्या घराच्या बाजूनेच करता येईल का, त्यामुळे घरातील टीव्ही, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बंद पडेल का, आणि कारखान्यातील सर्व्हरपर्यंत पोहोचता येईल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. टीव्हीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत त्याचे इंटरनेट गेले तर मला घरात राहणे अवघड होईल.

उद्यमनगरकर

आपण सांगितले त्यावरून लॅपटॉपमध्ये कोणताही बिघाड दिसत नाही. इंटरनेटवर जायचे असेल तेव्हा लॅपटॉप केबलवर '१९२.१६८.१०.१ कोणाकडे आहे' असे विचारतो. कारखान्यात त्याला उत्तर मिळते, पण आपल्या घरी त्या पत्त्याचे कोणीच नसल्याने तो विचारतच राहतो. दिवा फक्त केबल जोडली गेली एवढेच सांगतो. म्हणून लॅपटॉपला घराप्रमाणे बदलण्याऐवजी, घरात त्याच्या ओळखीचा गेटवे उभा करावा, हा या प्रश्नाचा सरळ मार्ग आहे.

हे दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार म्हणजे घरच्या राउटरचाच पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ करणे. मोबाइल आणि टीव्ही आपोआप पत्ता घेत असल्याने ते एकदा बंद-चालू केले की नव्या पत्त्यावर येतील, पण कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला आणि प्रिंटरला बसवणाऱ्याने बहुधा हाताने पत्ता दिलेला असतो, आणि ते दोन्ही त्या क्षणापासून नजरेआड होतील. शिवाय इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये अशी ढवळाढवळ करावी असे मला वाटत नाही. कंपनीने दुरून अपडेट पाठवले किंवा राउटर रीसेट झाला की सगळे मूळपदावर जाते, आणि ते नेमके भर पावसात होते.

दुसरा प्रकार मला अधिक पसंत आहे. एखादा जुना वाय-फाय राउटर घ्यावा, ज्याला एक वॅन (इंटरनेटकडचे) आणि चार लॅन (आतल्या यंत्रांसाठीचे) पोर्ट आहेत. तो घरच्या नेटवर्कला लावण्यापूर्वी स्वतंत्रपणे एका संगणकाला जोडून त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१०.१ करावा, त्याच्या डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटण्याच्या सोयीची) मर्यादा १०० ते १५० अशी ठेवावी म्हणजे २१ ते २४ हे पत्ते तो चुकून दुसऱ्या कोणाला देणार नाही, आणि वॅनची बाजू 'आपोआप' वर ठेवावी. मग घरच्या राउटरच्या एका लॅन पोर्टमधून केबल काढून ती या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये लावावी आणि चारही लॅपटॉप त्याच्या चार लॅन पोर्टना जोडावेत. घरच्या राउटरच्या दृष्टीने हा सगळा पसारा म्हणजे एक नवे उपकरण आहे, त्यामुळे टीव्ही आणि रेकॉर्डर यांना काहीही कळत नाही.

आता एक खाच राहते, ती म्हणजे डीएनएस. लॅपटॉप नावांची चौकशी १९२.१६८.१०.५ कडे करणार आणि तो सर्व्हर शिरोलीत आहे. लॅपटॉपमध्ये दुसरा डीएनएस दिलेला असेल तर थोडा वेळ थांबून विंडोज त्याच्याकडे वळते आणि पाने उशिरा का होईना उघडतात. तो दिलेला नसेल तर राउटरवर आणखी एक पत्ता म्हणून १९२.१६८.१०.५ चढवावा लागेल, म्हणजे नावांच्या चौकशीला राउटरच उत्तर देईल. घरगुती राउटरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये ही सोय सहसा नसते. ओपन-डब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर घातलेल्या राउटरमध्ये किंवा मायक्रोटिक कंपनीच्या अगदी लहान राउटरमध्येही ती असते. पारखण्याची रीत सोपी आहे: इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग (यंत्र उत्तर देते का ते पाहणारी आज्ञा) जात असेल आणि संकेतस्थळाचे नाव टाकल्यावर मात्र काहीच उघडत नसेल, तर दोष डीएनएसचाच समजावा.

कळंबेकर

वरील उत्तर बरोबर आहे, पण राउटर विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासून पाहावी, कारण कदाचित त्याची गरजच पडणार नाही. विंडोजमध्ये आयपी हा संपूर्ण लॅपटॉपला दिलेला नसतो, तो एकेका नेटवर्क अडॅप्टरला दिलेला असतो. कारखान्यात केबल वापरत असाल तर कंत्राटदाराने केबलच्या अडॅप्टरलाच पत्ता टाकला असेल आणि वाय-फायला हातही लावला नसेल. कमांडच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा 'ऑल' सहित द्यावी. त्यासाठी अॅडमिन पासवर्ड लागत नाही. प्रत्येक अडॅप्टरखाली 'डीएचसीपी एनेबल्ड' अशी ओळ येते. वाय-फायखाली तिथे 'येस' असेल तर केबल काढून ठेवावी, घरच्या वाय-फायचा पासवर्ड टाकावा आणि कामाला लागावे.

वाय-फाय बंद करून ठेवलेले असेल तर आणखी एक उपाय आहे, जो लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. यूएसबीला लावायचे लॅन अडॅप्टर मिळते. ते लावले की विंडोजच्या दृष्टीने ते एक नवेकोरे अडॅप्टर असते आणि नवे अडॅप्टर डीएचसीपीवरच सुरू होते, मूळ पोर्टची सेटिंग जशीच्या तशी राहते. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असायला हवा आणि कंपनीने यूएसबी उपकरणांवर बंदी घातलेली नसावी, या दोन अटी मात्र आहेत. अर्थात हे सगळे फक्त इंटरनेटपुरते झाले. लायसन्स सर्व्हर पत्ता पाहूनच ओळखत असेल, तर या वाटेने गेलेला लॅपटॉप त्याला अनोळखीच वाटणार.

शिरोलीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कळंबेकरांनी सांगितल्याप्रमाणे चारही लॅपटॉप तपासले. दोन लॅपटॉपचे वाय-फाय डीएचसीपीवरच आहे आणि त्यातील एक आजच घरी विनासायास चालला. उरलेल्या दोनांचे वाय-फाय मुळातच बंद केलेले आहे, ते माझ्याकडून सुरू होत नाही, आणि यूएसबीला पेन ड्राइव्हसुद्धा चालत नाही, तेव्हा लॅन अडॅप्टरचीही आशा नाही. डीएनएसच्या रकान्यात एकच पत्ता आहे, दुसरा दिलेला नाही.

म्हणजे त्या दोघांसाठी दुसरा राउटर घ्यावाच लागेल असे दिसते. पण खरी गरज सर्व्हरची आहे. त्याच्याशिवाय इंटरनेट मिळूनही कॅड उघडणार नाही आणि मग माणसे माझ्या घरी येऊन चहा पिऊन परत जातील.

जयंतीकाठ

मला वाटते इथे विनाकारण द्राविडी प्राणायाम चालला आहे. विंडोजमध्ये 'पर्यायी कॉन्फिगरेशन' नावाची सोय आहे. मुख्य सेटिंग आपोआपवर ठेवायची आणि पर्यायी भागात कारखान्याचे सगळे आकडे भरून ठेवायचे. घरी डीएचसीपी मिळाले की लॅपटॉप तो पत्ता घेतो. कारखान्यात डीएचसीपी नसेल तर काही वेळ वाट पाहून पर्यायी, म्हणजे जुना स्थिर पत्ता घेतो. एकदाच केले की कायमची कटकट मिटते.

उद्यमनगरकर

सोय उपयुक्त आहे यात शंका नाही, परंतु त्यासाठी एकदा तरी अॅडमिन पासवर्ड लागतो आणि सेटिंग बदलावी लागते. प्रश्नकर्त्याने नेमक्या याच दोन गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत. शिवाय कारखान्यातील केबलवर कुठेतरी डीएचसीपी चालू असेल, उदाहरणार्थ कोणी सोयीसाठी जोडून ठेवलेला एखादा वाय-फाय राउटर असेल, तर लॅपटॉप पर्यायी पत्त्याकडे वळणारच नाही आणि लायसन्स सर्व्हर त्याला दारातच उभा करील. शिरोलीत असे जोडून विसरलेले राउटर मी बरेच पाहिले आहेत.

पंचगंगा घाट

मी नेटवर्कचे काम करतो, म्हणून सर्व्हरच्या मुद्द्याविषयी सविस्तर लिहितो.

कंपनीने दिलेले व्हीपीएन (दूरच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारे) सॉफ्टवेअर लॅपटॉपवर असेल आणि आपण घरी हुबेहूब १९२.१६८.१० चेच नेटवर्क उभे केले असेल, तर नवी अडचण उभी राहते. लॅपटॉपच्या मते १९२.१६८.१०.५ हे यंत्र त्याच्याच केबलवर आहे, त्यामुळे त्याच्याकडे जाणारे माहितीचे पॅकेट तो व्हीपीएनकडे पाठवतच नाही, घरातल्या केबलवरच शोधत बसतो. व्हीपीएन जोडलेले दिसते, सर्व्हर मात्र सापडत नाही. त्यातही उद्यमनगरकरांच्या युक्तीप्रमाणे राउटरवर ५ हा पत्ता चढवला असेल, तर लॅपटॉपला सर्व्हरच्या जागी राउटर भेटेल. केवळ इंटरनेट हवे असणाऱ्यांसाठी ती युक्ती चांगली आहे. आपल्यासाठी ती अडचणीची ठरेल.

यावर मार्ग असा की व्हीपीएन लॅपटॉपवर न ठेवता दुसऱ्या राउटरवर ठेवावे. त्या राउटरपासून कारखान्याच्या राउटरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाकावा. घरच्या बाजूच्या राउटरवर केवळ १९२.१६८.१०.५ या एका पत्त्याचा मार्ग बोगद्याकडे दाखवावा आणि लॅनच्या बाजूला प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्या यंत्राच्या वतीने उत्तर देण्याची सोय) सुरू करावे. आता लॅपटॉपने केबलवर '५ कोणाकडे आहे' असे विचारले की राउटर 'माझ्याकडे' असे उत्तर देतो, पॅकेट स्वतः घेतो आणि बोगद्यातून शिरोलीला पाठवतो. कारखान्याच्या राउटरवर हेच उलट बाजूने करावे लागते, म्हणजे २१ ते २४ या चार पत्त्यांचे मार्ग बोगद्याकडे दाखवायचे आणि तिथेही प्रॉक्सी एआरपी सुरू करायचे. मग सर्व्हरला हे लॅपटॉप शेजारच्या टेबलावर असल्यासारखेच दिसतात, त्यांचे पत्ते तेच राहतात आणि लायसन्सचा प्रश्न उद्भवत नाही. डीएनएसचाही प्रश्न यातच सुटतो, कारण नावांची चौकशी खऱ्या सर्व्हरपर्यंत जाते. ही क्लृप्ती नवी नाही. प्रॉक्सी एआरपीचे लिखित वर्णन १९८७ सालापासून उपलब्ध आहे.

हे करताना बोगद्याच्या तोंडाशी पत्ता बदलणारा नॅटचा नियम लावू नये. तो लागला तर सर्व्हरला चारही लॅपटॉप एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतील आणि सगळा खटाटोप वाया जाईल. राउटरने दिलेल्या तयार नियमांमध्ये तो कधीकधी आपोआप येतो, म्हणून मुद्दाम पाहावे. तसेच ज्या दोन लॅपटॉपचे वाय-फाय चालते त्यांनाही या कामासाठी केबलच लावावी आणि वाय-फाय बंद ठेवावे, कारण स्थिर पत्ता केबलच्या अडॅप्टरला आहे आणि सर्व्हर त्याच पत्त्याला ओळखतो. आणि लॅपटॉप घरी असताना २१ ते २४ पैकी एखादा पत्ता कारखान्यात दुसऱ्या कोणी वापरत नाही ना, हे विचारून घ्यावे.

कारखान्याच्या इंटरनेटला बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता हवा. तिथल्या राउटरच्या वॅनला १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि बाहेरून आत येता येणार नाही. अशा वेळी स्थिर सार्वजनिक आयपी मागून घ्यावा लागतो. आपल्या घरच्या बाजूला तसा पत्ता असला तरी चालते, कारण बोगदा घरून सुरू होतो. फक्त दर २५ सेकंदांनी एक लहानसे पॅकेट पाठवत राहण्याची सेटिंग ठेवावी, म्हणजे मधला रस्ता मिटत नाही.

ही सगळी कामे कारखान्याच्या राउटरवर हात घालणारी आहेत, म्हणून साहेबांची लेखी परवानगी आणि कंत्राटदाराचा सहभाग यांशिवाय ती करू नयेत. लॅपटॉपला हात लागत नाही म्हणून कोणालाच विचारायला नको, असा अर्थ कृपया काढू नये.

शिरोलीकर

आपण इतके बारकाईने लिहिल्याबद्दल आभारी आहे. साहेबांशी बोलणे झाले असून त्यांची तत्त्वतः संमती आहे, कंत्राटदारालाही बोलावले आहे. दोन शंका राहतात. एक म्हणजे, राउटरच्या मागे राउटर लावल्याने दोनदा नॅट होते आणि त्याने वेग कमी होतो असे ऐकले आहे, ते कितपत खरे आहे? दुसरी शंका अशी की २०१९ सारखी वेळ आली आणि शिरोलीतील वीजच गेली, तर बोगद्याचा उपयोग काय?

कळंबेकर

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो. वीज गेली, सर्व्हरचा यूपीएस संपला की बोगदा, प्रॉक्सी एआरपी आणि आपण सर्वजण सारखेच निरुपयोगी. म्हणून आपल्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये लायसन्स उसने घेण्याची सोय आहे का ते आजच पाहावे. सर्व्हरवरून लायसन्स देणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक दिवसांसाठी लायसन्स लॅपटॉपवर उतरवून घेता येते आणि त्या मुदतीत सर्व्हरशी बोलावे लागत नाही. पाणी ३९ फुटांना पोहोचले की लॅपटॉप उचलण्यापूर्वी कारखान्यातच ते उतरवून घ्यावे आणि चालू कामाच्या फायलीही सोबत घ्याव्यात. एवढे झाले तर दुसरा राउटर केवळ ई-मेलपुरता उरतो. लायसन्स परत करण्याची तारीख मात्र लिहून ठेवावी. मुदत संपण्यापूर्वी ते परत केले नाही तर तोवर ते दुसऱ्या कोणालाही वापरता येत नाही.

पंचगंगा घाट

कळंबेकरांचा सल्ला मी वर लिहिलेल्या सर्व गोष्टींच्या आधी अमलात आणण्यासारखा आहे.

दोनदा नॅट होण्याविषयी: बाहेरून आत येणाऱ्या जोडण्यांना त्याचा त्रास होतो, उदाहरणार्थ आपण घरात एखादा सर्व्हर चालवत असाल तर. आतून बाहेर जाणाऱ्या ई-मेल, ब्राउझर, व्हिडिओ बैठका आणि वायरगार्ड यांना तो जाणवत नाही. वेग कमी झालाच तर त्याचे कारण दुसऱ्या राउटरचे जुने हार्डवेअर असते. त्याची वॅन आणि लॅन पोर्ट १०० मेगाबिटची असतील तर घरचे कनेक्शन कितीही वेगवान असले तरी लॅपटॉपना तेवढेच मिळेल, आणि वायरगार्डचे सांकेतिकीकरण जुन्या प्रोसेसरवर त्याहूनही हळू चालते. ड्रॉइंगच्या मोठ्या फायली ओढायच्या असतील तर गिगाबिट पोर्टचा राउटर घ्यावा.

घरचा प्रिंटरही वापरता येईल. लॅपटॉपवरून बाहेर पडणारे पॅकेट दुसऱ्या राउटरमधून घरच्या १९२.१६८.१ च्या नेटवर्कमध्ये जातेच. प्रिंटर यादीत आपोआप दिसणार नाही, कारण शोधण्याचे संदेश राउटर ओलांडत नाहीत. त्याचा पत्ता हाताने टाकून जोडावा लागेल, आणि प्रिंटर जोडायलाही आपल्याकडे अॅडमिनची अट असेल तर फाइल पीडीएफ करून मोबाइलवरून छापणे सोपे पडेल. यात एक जोखीमही आहे, ती साहेबांना सांगून ठेवावी: लॅपटॉपवरून घरची उपकरणे दिसतात, घरच्या उपकरणांवरून लॅपटॉप दिसत नाहीत. कंपनीला तेही नको असेल तर दुसऱ्या राउटरच्या फायरवॉलमध्ये १९२.१६८.१ कडे जाणारी वाट बंद करावी. इंटरनेट त्याने अडत नाही, कारण घरच्या राउटरमधून आरपार जाणाऱ्या पॅकेटवर बाहेरचाच पत्ता लिहिलेला असतो. फक्त दुसऱ्या राउटरला त्याचा स्वतःचा डीएनएस घरच्या राउटरऐवजी बाहेरचा द्यावा.

कंत्राटदार येणारच आहे तर त्याच्याकडे पुढच्या वर्षासाठी एक मागणी नोंदवावी. कारखान्याच्या राउटरवर किंवा सर्व्हरवर डीएचसीपी सुरू करून या चार लॅपटॉपच्या मॅक पत्त्यांसाठी (अडॅप्टरच्या मूळच्या ओळख-क्रमांकांसाठी) २१ ते २४ हे आयपी राखून ठेवता येतात. मग लॅपटॉप आपोआपवर असूनही कारखान्यात त्यांना नेहमी तोच पत्ता मिळतो आणि बाहेर कुठेही नेले तरी तिथला मिळतो. त्यासाठी एकदा सेटिंग बदलावी लागेल हे खरे, पण ती कोरड्या दिवसांत, कारखान्यात बसून, जबाबदार माणसाच्या हातून बदललेली असेल.

उद्यमनगरकर

एक व्यावहारिक भर घालतो. घरचा फायबरचा राउटर आणि दुसरा राउटर हे दोन्ही एकाच इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्यावेत. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे वीज गेल्यावर काम चालू आहे असे वाटते आणि इंटरनेट मात्र तुटलेले असते. राउटर लावल्यानंतर पावसाची वाट न पाहता येत्या रविवारी एकच लॅपटॉप घरी आणून क्रमाने पाहावे: आधी १९२.१६८.१०.१ ला पिंग, मग ८.८.८.८ ला, मग ५ क्रमांकाच्या सर्व्हरला, आणि शेवटी कॅड उघडून. ज्या पायरीवर अडेल ती इथे कळवावी.

शिरोलीकर

तसेच करतो. लायसन्स उसने घेण्याची सोय आमच्या सॉफ्टवेअरच्या मेनूमध्ये आहे, असे आजच सहकाऱ्याने पाहून सांगितले. गिगाबिट पोर्टचा राउटर उद्या घेतो. कंत्राटदाराने शुक्रवारी येण्याचे कबूल केले आहे. तो आला तर रविवारी चाचणीचे निकाल इथे लिहीन, न आल्यास बोगद्याशिवाय केवळ इंटरनेटची चाचणी करून ठेवतो.